गुलालाखालचं गवत

जोतिबा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी गुलाल उभा राहतो. चैत्री पौर्णिमेची यात्रा, आभाळात डोलणाऱ्या सासनकाठ्या, दवण्याचा वास, ‘चांगभलं’चा गजर. ते सगळं डोळे भरून पाहावं असंच आहे. पण ते वर्षातल्या मोजक्या दिवसांचं. एरवी देवळाच्या ओवऱ्या आणि पेढ्या-नारळांची दुकानं मागे टाकून थोडं बाजूला चालत गेलं, की दुसराच डोंगर सुरू होतो. झाडं विरळ, मधूनमधून काळा दगड, आणि नजर पोचेल तिथवर गवत. श्रावण-भाद्रपदात ते गुडघ्याला लागतं, दिवाळीत तांबूस-पिवळं होतं, फाल्गुनात नुसते सड उरतात. जोतिबाचं वर्ष खऱ्या अर्थानं हे गवत मोजतं. हे प्रकरण त्या गवताबद्दल आहे, आणि तो डोंगर पायी चढण्याबद्दल. पायी गेल्याशिवाय हे गवत दिसत नाही.

कोल्हापूरच्या वायव्येला साधारण १८ किलोमीटरवर हा डोंगर आहे. माथ्यावरच्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३१०० फूट. पण पायथ्याची गावंच उंचावर असल्यानं प्रत्यक्ष चढ हजार-बाराशे फुटांचा. सह्याद्रीच्या मुख्य कण्यातून पूर्वेकडे फुटलेल्या पन्हाळ्याच्या रांगेवर जोतिबा बसला आहे. उत्तरेला वारणेचं खोरं, दक्षिणेला पंचगंगेचं. माथ्यावर हातभर अंतरानं पडलेले पावसाचे दोन थेंब दोन दिशांना निघतात. एक वारणेतून सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत मिळतो, दुसरा पंचगंगेतून नृसिंहवाडीला. वाटेत दोघांच्याही काठी ऊसच ऊस. वरून पाहिलं की खाली हिरव्या उसाचे पट्टे आणि पायाखाली गवत. वनस्पतिशास्त्रानं पाहिलं तर ऊसही गवताच्याच कुळातला. म्हणजे या मुलखाचं पोट खालीही गवतावर आणि वरही गवतावर.

पायी जोतिबाला जाण्याची सगळ्यात जुनी रीत म्हणजे खेटे. माघात सुरू होणारे हे खेटे लागोपाठ पाच रविवारी घालायचे. पहाटेच्या अंधारात पंचगंगेवर अंघोळ करायची आणि वडणगे, निगवे, कुशिरे अशी गावं मागे टाकत गायमुखाच्या वाटेनं डोंगर चढायचा. कित्येक जण अनवाणी. यामागची कथा कोल्हापुरात घरोघरी सांगतात. असुरांचा त्रास वाढला तेव्हा अंबाबाईच्या मदतीला हिमालयातून केदारनाथ आले. रत्नासुराचा वध झाला, काम संपलं, नाथ परत निघाले. तेव्हा अंबाबाई करवीरहून चालत डोंगरावर गेली आणि ‘जाऊ नका, इथंच राहा’ अशी तिनं विनवणी केली. देव राहिला. पहिला खेटा देवीनं घातला, माणसं तिच्या पावलावर पाऊल ठेवतात. मला ही कथा फार मोलाची वाटते. इथं वर मागण्याची अट म्हणून कडक तप नाही, यज्ञ नाही. चालत जाणं आहे. ज्याला थांबवायचं त्याच्याकडे आपल्या पायांनी जायचं.

ही चाल किती वेळाची? १८९२ साली विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं डोंगरी चालीचा एक ठोकताळा लिहून ठेवला, तो आजही जगभर वापरतात. दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. कोल्हापूर ते जोतिबा १८ किलोमीटर म्हणजे अकरा मैल. त्याचे पावणेचार तासांपेक्षा थोडे कमी. बाराशे फुटांच्या चढाची वर छत्तीस मिनिटं धरा. म्हणजे सव्वाचार तास. विसावा, चहा आणि गप्पा धरून पाच. पहाटे तीन-चारला निघालेला खेटेकरी उन्हं तापायच्या आत देवापुढे कसा पोचतो, याचं गणित हे असं जुळतं.

चढताना एक गोष्ट डोळ्यांआधी पायांना कळते. जोतिबाचा चढ सलग नाही. दम लागेल असा तीव्र चढ, मग एकाएकी सपाट पट्टा, मग पुन्हा खडी चढण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला आणि त्याचे थरांवर थर साचले, त्याचा हा परिणाम. प्रत्येक थराचं मधलं अंग घट्ट काळ्या बेसाल्टचं, वरचं अंग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र आणि मऊ. पाऊस-वारा मऊ भाग लवकर खातो, घट्ट भाग कड्यासारखा उरतो. आपण चढतो ती चढण म्हणजे एकेका थराचा कडा. जिथं गुरं निवांत चरतात तो सपाट पट्टा म्हणजे दोन थरांमधला सांधा. पावसाचं पाणी फटींतून झिरपतं आणि न मुरणारा थर लागला की आडवं वाहत कुशीतून बाहेर पडतं. डोंगराच्या मध्यावर झरे का असतात, याचं उत्तर हेच. सह्याद्रीत असा झरा सापडला, की लोकांनी तिथं दगडी गोमुख बसवलं आणि शेजारी देव मांडला. जोतिबाच्या वाटेवरचं गायमुख हे खेटेकऱ्यांच्या विसाव्याचं ठिकाण, आणि यात्रेत इथं अन्नछत्र चालतं.

आता गवत.

जोतिबाच्या उतारांवर सगळ्यात जास्त भेटणारं गवत म्हणजे कुसळी. चांगल्या मातीच्या जागी मारवेल असतं, गुरांचं लाडकं. कुसळी मात्र जिथं माती चारच बोटं आहे, दगड वर आला आहे, तिथंही उभी राहते. दिवाळीनंतर या गवतातून चाललेल्या माणसाला तिची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. धोतर, लुगडं, पायमोजे, पँटचा काठ, सगळ्याला ती शिवून बसते. घरी आल्यावर एकेक कुसळ उपटत बसावं लागतं. पण उपटलेलं कुसळ फेकून देण्याआधी हातावर घेऊन पाहावं. खालच्या टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी. टोकाजवळ तांबूस केस, सगळे मागच्या बाजूला वळलेले. आत शिरायला मोकळीक, बाहेर यायला मज्जाव. बीच्या मागे बोटभर लांब, गडद तपकिरी शेपूट. तिचा खालचा भाग पीळ दिलेला, मग एक कोपर, आणि पुढे सरळ टोक.

तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. काही क्षणांत पीळ उलगडू लागतो आणि ती शेपूट घड्याळाच्या काट्यासारखी हळूहळू फिरते. वाळली की उलटी फिरून पुन्हा पीळ भरते. या शेपटीच्या पेशींच्या भिंतींत तंतू तिरकस, मळसूत्री रचलेले असतात. ओल मिळाली की भिंत फुगते, सुकली की आकसते, आणि तंतू तिरके असल्यामुळे आकसणं सरळ न होता गोल फिरत होतं. त्यात जिवंत असं काहीच नाही. शेपूट मेलेली आहे. काम करते ती तिची ठेवण. चार्ल्स डार्विन यांचा मुलगा फ्रान्सिस यानं १८७६ साली अशाच दुसऱ्या एका गवताच्या बियांचा अभ्यास करून ही यंत्रणा मांडली होती. डोंगरावर हे असं घडतं: बी जमिनीवर पडतं, शेपटीचं टोक शेजारच्या काडीला किंवा खड्याला अडतं. रात्री दव पडतं, पीळ उलगडतो. दिवसा ऊन लागतं, पीळ भरतो. टोक अडल्यामुळे फिरण्याचा सगळा जोर बीवर येतो आणि दर फेरीला ते थोडं थोडं मातीत घुसतं. मागे वळलेले केस त्याला परत येऊ देत नाहीत. माघ-फाल्गुनात डोंगर वाळून कोळ होतो तेव्हा कुसळीचं पुढच्या वर्षाचं बी आधीच जमिनीखाली जाऊन बसलेलं असतं. आपल्या पँटला शिवलेलं कुसळ हे त्या कामात वाट चुकलेलं एक बी.

बी जमिनीखाली जाण्याची एवढी घाई का, हे वणव्याकडे पाहिलं की समजतं. वाळलेलं गवत पेटलं की ज्वाळा झपाट्यानं पुढे सरकतात. वर भाजून निघतं, पण दोन बोटं खाली मातीला फारशी झळ पोचत नाही. बी वाचतं. गवताच्या ठोंबाचा वाढता कोंबही जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो. झाडाचा शेंडा खुडला की त्याची सरळ वर जाणारी वाढ खुंटते. गवताचं पान कितीही वरून कापलं तरी ते खालून वाढतं. म्हणून म्हैस चरो, विळा फिरो, आग लागो, पहिल्या वळवाला ठोंब पुन्हा हिरवा होतो. गवतानं आपला जीव पायाशी ठेवला आहे.

आयर्लंडमध्येही अशाच गवताळ टेकड्यांवरून चालणारी माणसं आहेत, आणि तिथल्या टेकडीशी जोतिबा ताडून पाहिला की दोन्ही अधिक नीट समजतात. मीथ परगण्यात लॉक्रू नावाच्या टेकड्या आहेत. उंची जेमतेम नऊशे फूट, वर मेंढ्या, बारीक कातरल्यासारखं गवत आणि पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या दगडी समाध्या. त्यातल्या एका समाधीत वसंत आणि शरद संपाताच्या दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण शिरतो आणि आतल्या कोरीव शिळेवर पडतो. कोल्हापूरकरांना हे परकं वाटणार नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात. पण गवत पाहाल तर दोन टेकड्यांची जात अगदी निराळी. आयर्लंडमध्ये बाराही महिने झिमझिम पाऊस आणि थंडीही बेताची, त्यामुळे गवत जवळजवळ वर्षभर वाढतं. ते मऊ, रसाळ, थंडी मानवणारं. आपल्याकडचं कुसळी-मारवेल उन्हाचं गवत. कर्ब साठवण्याची त्याची रीत वेगळी. शास्त्रज्ञ तिला सी-फोर म्हणतात. कडक उन्हात आणि थोड्या पाण्यातही हे गवत झपाट्यानं अन्न तयार करतं. ऊस, ज्वारी, मका हे सगळे याच रीतीचे. जोतिबाच्या गवताला चार महिने मिळतात आणि तेवढ्यात त्याला वाढ, फुलोरा, बी सगळं उरकायचं असतं.

आयर्लंडच्या टेकड्या मुळात उघड्या नव्हत्या. तिथं रान होतं. शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी हजारो वर्षं तोड केली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटाच्या जेमतेम एक टक्का जमिनीवर जंगल उरलं होतं. आज जे हिरवंगार, निवांत दृश्य पाहायला लोक जातात, ते माणसाच्या आणि मेंढीच्या हातचं आहे. मग जोतिबाचं काय? हाही उजाड झालेला जंगलाचा डोंगरच का?

शाळेत आपण हेच शिकतो: गवताळ डोंगर म्हणजे बोडका डोंगर, बोडका म्हणजे बिघडलेला. इंग्रजी अमदानीत जी जमीन शेतसारा देत नाही आणि लाकूडही देत नाही ती पडीक म्हणून कागदावर चढली, आणि तो शिक्का अजून पुसलेला नाही. पण शिवालिक टेकड्यांच्या जुन्या मातीतला कर्ब तपासून शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे, की सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच भारतीय उपखंडात उन्हाळी गवतांची माळरानं पसरू लागली होती. तेव्हा कुऱ्हाड तर सोडाच, माणूसही नव्हता. दख्खनबद्दल याहून जवळचा पुरावा अलीकडे मिळाला, आणि तो आपल्याच भाषेतून. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुनं मराठी साहित्य, चरित्रं, लोककथा आणि लोकगीतं वनस्पतींच्या नजरेनं वाचली. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या मजकुरात जी रानटी झाडं येतात त्यांत माळरानाची, उघड्या उजेडाची झाडं ठळक आहेत. पश्चिम महाराष्ट्राचे कोरडे माळ निदान साडेसातशे वर्षं माळच आहेत, असं त्यांचं म्हणणं.

जोतिबा नेमका सीमेवर आहे. पश्चिमेला गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तिथून पन्नासेक किलोमीटर पूर्वेला कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. एकीकडे सदाहरित रान, दुसरीकडे माळ. माझ्या मते म्हणूनच या डोंगराचं एकच एक मूळ रूप शोधू नये. घळींत, ओढ्याकाठी, झऱ्यांपाशी माती खोल आहे. तिथं झाडी होती आणि असावी. माथ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, आणि उतारांवरची पातळ माती गवताची.

आणि माणसांनी हे गवत जपलंही आहे. मराठ्यांच्या काळात घोडदळासाठी कुरणं राखून ठेवत. सैन्याची चाल दाण्याइतकीच वैरणीवर अवलंबून असे. जोतिबाचं वाहन घोडा. त्याला कुलदैवत मानणाऱ्यांत ग्वाल्हेरचे शिंदे, ज्यांचा दबदबा घोड्यांच्या पाठीवर उभा राहिला. आजचं मुख्य देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं, शेजारचं केदारेश्वराचं १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी. घोडेस्वार देव, घोडेस्वार भक्त आणि भोवती मैलोगणती गवत. या तिन्हींची सांगड कुठल्या बखरीत मला वाचायला मिळालेली नाही, पण डोंगरावर उभं राहिलं की ती मनात आल्यावाचून राहत नाही.

आज या गवताला दोन धोके आहेत आणि दोन्ही चांगल्या हेतूनं येतात. पहिला वणवा. ‘जाळलं की गवत जोमानं येतं’ हा समज आपल्या डोंगरांवर पक्का आहे. त्यात थोडं तथ्य आहे. जुना पाचोळा गेला की उजेड मिळतो आणि कोवळा फुटवा लवकर येतो. पण दरसाल जाळलं तर मातीत मुरायचा पालापाचोळा राख होऊन उडतो, उघडी पडलेली माती पहिल्या दांडग्या पावसात ओढ्याला जाते, आणि आग सोसणारी कुसळीच तेवढी माजते. मारवेलसारखं सकस गवत मागे पडतं. माळटिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर घरटी करतात. उशिरा लागलेल्या वणव्यात अंडी-पिल्लं होरपळतात. त्यापेक्षा गवत कापून गंजी रचावी. वैरणही मिळते, आगीचं सरपणही कमी होतं.

दुसरा धोका झाडांचा. उघडा डोंगर दिसला की खड्डे घ्यायचे आणि गिरीपुष्प, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, ही आपल्याकडची वर्षानुवर्षांची रीत. झाड लावणाऱ्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण सड्यावर खड्डा घेताना तिथली चार बोटं माती उकरली जाते, आणि तिच्यात काय होतं ते कोणी पाहिलेलं नसतं. पन्हाळ्याच्या रांगेवरच्या सड्यांवर भाद्रपदात सीतेची आसवं फुलतात, नखाएवढी निळी-जांभळी फुलं. ओल्या, निकस जागेत नत्र मिळत नाही म्हणून या वनस्पती आपल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून भूक भागवतात. सोबत गेंदाची पांढरी बटणं, कवल्याची पिवळी फुलं आणि उतारांवर तेरडा. हाच तेरडा कोल्हापूरच्या घराघरांत गौर होऊन येतो. सावली पडली की ही सगळी मंडळी उठून जातात. वड, उंबर, जांभूळ, करंज घळीत आणि पाण्याकाठी खुशाल लावा. सडा मात्र मोकळा असू द्या.

पायी जायचं असेल तर भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा ते आश्विन हा काळ निवडावा. पाऊस ओसरलेला, फुलं शिल्लक, कुसळं अजून हिरवी. रविवार टाळावा, रविवार देवाचा वार, त्या दिवशी गर्दी असते. पायांत घट्ट बूट, हातात काठी. गवत उंच असेल तिथं काठी आधी टेकावी, पाऊल मागाहून. फुरसं याच दिवसांत वाटेवर असतं. उतरताना घाई करू नये. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात, उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना अंगाचं ओझं धरून ठेवतात, आणि त्यानं त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात त्या यामुळे. लहान पावलं टाकली, वळणावळणानं उतरलं, तर हा त्रास कमी होतो.

परतताना वेळ असेल तर पोहाळ्याकडे वाट वाकडी करावी. डोंगराच्या कुशीत तिथं बौद्ध लेणी आहेत, याच बेसाल्टात कोरलेली. भिक्षूंच्या खोल्या असलेला विहार आणि स्तूपाचं चैत्य. अशा लेण्यांचा मोठा उपयोग पावसाळ्यात होत असे. भिक्षूंनी एरवी सतत हिंडत राहायचं, पण पावसाचे तीन महिने एका जागी मुक्काम करायचा, हा वर्षावासाचा नियम. तो कसा आला हे विनयपिटकात सांगितलं आहे. पावसातही भिक्षू चालत राहतात, कोवळं गवत तुडवतात आणि त्यातले बारीक जीव चिरडतात, अशी तक्रार लोकांनी केली. ती बुद्धांच्या कानावर गेली आणि त्यांनी भिक्षूंना थांबायला सांगितलं. चार महिन्यांत वर्षाचं सगळं काम उरकणाऱ्या गवताला आषाढ-श्रावणात पायदळी घेतलं तर त्याचं काय होतं, हे त्या लोकांना ठाऊक असावं.